प्रबंध कशासाठी लिहायचा?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या महिन्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलगा एम.बी.बी.एस. झाला, आता मनोविकारशास्त्रात एम.डी. करतो आहे. लोक वेड्यांचा डॉक्टर म्हणतील, तेही आम्ही सोसू. पण आता म्हणतो, दवाखाना काढणार नाही, मेडिकल कॉलेजात राहून शिकवणार आणि संशोधन करणार. तुम्ही जरा त्याला समजवा." मी समजावण्याचे कबूल केले. आज ते काम चारचौघांत करतो. मात्र कोणाला समजावतो आहे, ते शेवटी त्यांनीच ठरवावे.

एम.डी.चा अभ्यासक्रम ३ वर्षांचा असतो. या काळात निवासी डॉक्टर ओ.पी.डी. चालवतो, वॉर्ड सांभाळतो, रात्रीची ड्यूटी करतो आणि या सगळ्यातून वेळ काढून एक प्रबंध लिहितो. प्रबंधाशिवाय परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे बहुतेक मुले त्याच्याकडे टोलनाक्यासारखी पाहतात. विषय गाइड देतात, जुना प्रबंध समोर ठेवून नवा लिहिला जातो, आकड्यांची फाईल स्टॅटिस्टिशियनच्या टेबलावर टाकली जाते. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे आहेत आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणारी मासिकेही आहेत. हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. माझा स्वतःचा प्रबंध काय मोलाचा होता, तेच आधी सांगतो.

१९९०च्या दशकातली गोष्ट. अंगदुखी, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन वारंवार येणाऱ्या, पण तपासणीत काही न सापडणाऱ्या रुग्णांपैकी किती जणांना नैराश्य आहे, असा माझा विषय होता. ८० रुग्ण घ्यायचे होते. प्रश्नावली इंग्रजी होती. मी रुग्णासमोर बसून जागच्या जागी तिचे मराठी किंवा उर्दू करी. एक बाई आल्या. ओळख पटेल असे काही सांगत नाही, आपल्याच समाजातल्या होत्या एवढेच. मी विचारले, "उदास वाटते का?" त्या म्हणाल्या, "नाही साहेब, अल्लाचा शुक्र आहे." "जगण्यात रस राहिला नाही असे वाटते का?" "तौबा, तसे कसे म्हणू?" मी प्रत्येक ठिकाणी शून्य लिहिले आणि त्यांना 'आजार नाही' या रकान्यात टाकले. उठताना त्या एवढेच म्हणाल्या, "बस, जी घबराता है." माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता.

८ महिन्यांनी मुलाने त्यांना इमर्जन्सीत आणले. जेवण सुटलेले, बोलणे बंद, वजन निम्म्यावर आल्यासारखे. उपचारांनी त्या बऱ्या झाल्या, हे अल्लाचे उपकार. पण मला कळले ते फार उशिरा. मी उदास आहे असे म्हणणे ही त्यांच्या लेखी नाशुक्री होती. त्या खोटे बोलल्या नव्हत्या, माझा प्रश्नच चुकला होता. तोपर्यंत प्रबंध सादर झाला होता आणि पासही झाला. त्या बाई अजून त्याच रकान्यात आहेत.

आता दुसऱ्या एका डॉक्टरांचे काम सांगतो. डॉ. विक्रम पटेल मुंबईत एम.बी.बी.एस. झाले, मनोविकारशास्त्र इंग्लंडमध्ये शिकले आणि १९९०च्या दशकात झिंबाब्वेतील हरारे येथे संशोधनाला गेले. तिथे शोना भाषा बोलतात. त्या भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. अर्थ, फार विचार करणे. आपल्याकडच्या बायका 'डोक्यात विचारांचा भुगा होतो' म्हणतात ना, तसेच. तिथल्या लोकांचे असे शब्द ऐकून, त्यांतून १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली. म्हणजे माझ्या नेमके उलट: आधी ऐकले, मग विचारले.

१९९६ मध्ये गोव्यात पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगाथ' ही संस्था सुरू केली. तिथल्या मोठ्या प्रयोगाचे नाव 'मानस'. १२ सरकारी आरोग्यकेंद्रे आणि १२ खासगी दवाखाने घेतले. निम्म्या ठिकाणी नेहमीच्या डॉक्टरांच्या जोडीला, डॉक्टर नसलेले पण शिकवून तयार केलेले समुपदेशक दिले. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६ महिन्यांत शंभरातले सुमारे ६६ रुग्ण बरे झाले, नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र काही फरक पडला नाही, आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे छापले. मुलांना मी ही दुसरी ओळ आधी वाचायला सांगतो.

हे शिकवता येते का? येते. प्रश्नावलीचे भाषांतर एकाने करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत आणायचे, दोन्ही ताडून पाहायची आणि मग चार रुग्णांना विचारून, त्यांना काय समजले ते ऐकायचे. एकाच रुग्णाला दोघांनी स्वतंत्रपणे तपासून मत जुळते का ते पाहायचे. जे रुग्ण यायचे थांबले त्यांना यादीतून खोडायचे नाही, ते का थांबले ते शोधायचे. आता पहिल्या वर्षातच संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा लागतो. तो चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था चालवते. २०२१ पासून प्रवेश घेतलेल्यांना ३ महिने जिल्हा पातळीवर काम करावे लागते. ही ड्यूटी मुलांना जिवावर येते, पण माझ्या मते चांगला प्रश्न सापडण्याची खरी जागा तीच. संमतीचा प्रश्न आमच्या शास्त्रात विशेष नाजूक आहे. रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर गाइडच्या किंवा नातेवाइकाच्या नुसत्या होकारावर भागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. एवढे करूनही ऑनलाइन परीक्षा पास झाली म्हणजे संशोधन आले असे नव्हे. पोहणे कोरड्यावर येत नाही. रोज शेजारी बसून तक्ता तपासणारा गाइड लागतो, आणि तसे गाइड थोडे आहेत.

ते थोडे आहेत म्हणूनच त्या गृहस्थांचा मुलगा हवा आहे. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत केले. शंभर प्रौढांत १० जणांहून थोड्या अधिकांना त्या वेळी काही ना काही मनोविकार होता, आणि आजारानुसार शंभरातले ७० ते ९२ जण उपचारांवाचून होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मग कोकणी मुसलमान बाईचे, मराठवाड्यातल्या दखनी बोलणाऱ्याचे दुखणे कोण मोजणार? ज्याला त्या बोलीत 'जी घबराता है' म्हणजे काय ते आईच्या तोंडून कळले आहे, त्याला ते सोपे जाईल.

आपली माणसे आधी दर्ग्यावर जातात, हेही खरे आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात आग लागली. साखळदंडांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. त्यानंतर गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रम सुरू झाला: मुजावरांशी बोलून, दुआ न थांबवता, तिथेच डॉक्टरांचे उपचार. अशा ठिकाणी कोणाला किती गुण आला, कोण परत साखळीत गेले, हे वर्षानुवर्षे नोंदवणारी माणसे पाहिजेत. नुसत्या हळहळीने ते होत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. लपवत नाही. एम.डी.नंतर १ वर्ष सीनियर रेसिडेन्सी, मग सहायक प्राध्यापक, पुढे पीएच.डी. किंवा बालमनोविकारांसारख्या विषयात डी.एम. करायचे म्हटले तर आणखी काही वर्षे. तोवर बरोबरीच्या मित्राचा दवाखाना, गाडी, फ्लॅट झालेला असतो. लग्नाच्या बोलणीत 'स्वतःचे क्लिनिक कुठे?' असे विचारतात. मलाही विचारले होते. घरावर कर्ज असेल किंवा बहिणींची जबाबदारी असेल तर मुलाने आधी कमवावे, त्यात कमीपणा नाही. पण नड नसताना केवळ चार लोक काय म्हणतील म्हणून त्याला ओढू नका. चांगला गाइड असलेले कॉलेज मिळाले, तर घराजवळच्या कॉलेजाचा हट्टही धरू नका.

वेळ झाली आहे, अध्यक्षसाहेब घड्याळाकडे पाहत आहेत. माझ्या प्रबंधाची प्रत मी सोबत आणली आहे, चहाच्या वेळी इथे टेबलावर ठेवतो. विद्यार्थ्यांनी जरूर चाळावी. पृष्ठ ४१ वरचा तक्ता चुकीचा आहे. तिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे.