पदवी वेगळी, सनद वेगळी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘मुलांचं परदेशी शिक्षण’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. मी संगणकवाली, तेव्हा मी एम.एस. बद्दल बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आपल्यापैकी तिघांनी मला अलीकडे एकच प्रश्न विचारला : “मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एलएल.एम. साठी अमेरिकेला पाठवू का? तुझी भाची गेली होती ना?” हो, गेली होती. तिचीच गोष्ट आज तिला विचारून सांगते. तिच्यात माझी एक चूक आहे.

२०२२ साली दादाचा न्यू जर्सीला मला फोन आला. भाचीने पाच वर्षांचं वकिलीचं शिक्षण पूर्ण करून महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद घेतली होती. न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एलएल.एम. ला तिला प्रवेश मिळाला होता. दादाने विचारलं, “तू तिथे इतकी वर्षं आहेस, पाठवू का?” मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “पाठव रे. इथलं मास्टर्स झालं की नोकरी लागते.” दादाने प्लॉट विकला, वर कर्ज काढलं. तिथल्या नावाजलेल्या विद्यापीठांत या एका वर्षाचं नुसतं शिक्षणशुल्क ७०,००० डॉलरच्या पुढे जातं. राहणं-खाणं निराळं. राहण्याचा खर्च वाचावा म्हणून ती माझ्याकडेच राहिली.

मी माझ्याच क्षेत्राच्या चष्म्यातून पाहिलं होतं. मी २००३ साली बी.ई. झाले, कंपनीने अमेरिकेला पाठवलं, मी गेले. मला कुणी परवाना विचारला नाही. पुण्यात लिहिलेला प्रोग्रॅम न्यू जर्सीतही तसाच चालतो. कायद्याचं तसं नाही. राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो आणि वकिली करायची परवानगी देणारेही बदलतात. अमेरिकेत ही परवानगी विद्यापीठ देत नाही, केंद्र सरकारही देत नाही. ती प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देतं. अनेक राज्यांत तर तिथली तीन वर्षांची जे.डी. ही पदवी असल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत.

न्यूयॉर्क त्यातल्या त्यात उदार. तिथलं मंडळ तुमची भारतातली पदवी तपासतं. कालावधी आणि अभ्यासक्रम दोन्ही पुरेसे वाटले तर थेट बार परीक्षेला बसता येतं. एखादी बाजू कमी पडली तर २४ क्रेडिटचा एलएल.एम. करून ती भरून काढता येते. पण तो वर्गात बसून केलेला हवा आणि त्यात ठरावीक विषय हवेत. कॅलिफोर्नियात तर आपल्याकडची सनद असलेल्या वकिलाला एलएल.एम. शिवायही परीक्षा देता येते. हे सगळं मला कळलं ते दादाचा प्लॉट विकून झाल्यावर.

भाचीने मे २०२३ मध्ये एलएल.एम. पूर्ण केलं आणि जुलैत बार परीक्षा दिली. दोन दिवसांची परीक्षा, त्यात २०० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि बाकी निबंधवजा उत्तरं. तिथली मुलं जे तीन वर्षं शिकतात, ते हिने दहा आठवड्यांत पाठ केलं. परदेशात शिकून आलेल्यांचा निकाल तिथल्या मुलांपेक्षा दरवर्षी बराच कमी लागतो. तीही नापास झाली. त्या रात्री जेवली नाही. मला म्हणाली, “आत्या, बाबांना तू सांग.” तो फोन मी केला. आयुष्यातला सगळ्यात कठीण फोन होता तो.

फेब्रुवारीत ती पुन्हा बसली आणि एप्रिल २०२४ मध्ये पास झाली. पण घड्याळ थांबलेलं नव्हतं. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना पुढे काम करायला १२ महिने मिळतात. संगणक शिकलेल्यांना त्यावर आणखी २४ महिने मिळतात, कायदा शिकलेल्यांना मिळत नाहीत. पुढे कामाचा व्हिसा हवा तर वर्षाला ८५,००० जागांची सोडत, आणि त्यासाठी मालकाने अर्ज करायला हवा. हिचे तीन-चार महिने उरले होते आणि सोडतीची नोंदणी मार्चमध्येच संपली होती. ऑगस्टमध्ये ती परत आली.

आज ती मुंबईत आहे. आपल्याकडच्या कंपन्यांचे अमेरिकी कंपन्यांशी होणारे करार तपासते. तिथला कायदा शिकल्याचा तिथे तिला रोज उपयोग होतो, हेही खरं आहे. तेव्हा शिक्षण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण कर्जाचे हप्ते रुपयांतल्या पगारातून चालू आहेत.

आपल्या नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या. १८९२ मध्ये त्यांनी तिथली परीक्षा दिली. स्त्री म्हणून त्यांना ना पदवी मिळाली, ना वकिलीची सनद. भारतात स्त्रियांना वकिलीचा हक्क कायद्याने मिळायला १९२३ साल उजाडलं. त्यांची अडचण वेगळी होती आणि फार मोठी होती. पण शिकणं एकाच्या हातात आणि वकिली करू देणं दुसऱ्याच्या, हे तेव्हाही होतं, आजही आहे.

म्हणून पाठवू नका असं मी म्हणत नाही. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. मुलीला नक्की कुठे वकिली करायची आहे? तिथली परवानगी कोण देतं, आणि त्यासाठी एलएल.एम. लागतोच का? इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून एस.क्यू.ई. ही परीक्षा आहे, तिला एलएल.एम. ची अट नाही. कॅनडात आधी राष्ट्रीय समिती पदवी तपासून कोणत्या परीक्षा द्यायच्या ते सांगते. तिसरी गोष्ट, शिक्षणानंतर किती महिने राहता येईल, आणि पहिल्या प्रयत्नात अपयश आलं तर ते पुरतील का? आणि चौथी, परत यावं लागलं तर हप्ते इथल्या पगारातून फिटतील का? ही उत्तरं विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत शोधू नका. परवानगी देणाऱ्या मंडळाच्या नियमांत शोधा. आणि माझ्यासारख्या अमेरिकेतल्या नातेवाइकाला विचाराल, तर आधी त्याचं क्षेत्र कोणतं ते बघा.

दादाने आजवर मला एका शब्दानेही बोल लावलेला नाही. म्हणूनच हे तुमच्यासमोर सांगावंसं वाटलं. वर्गात उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणायला आपल्या बाईंनी शिकवलं होतं. २०२२ च्या त्या फोनवर मी ते विसरले.