थोडकी स्मृती, अफाट घनचित्र



आकारमानी विदेच्या दृश्यांकनाला वाहिलेल्या या परिषदेत स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. सपाट चित्र पिक्सेलांचे बनते, तसे आकारमानी चित्र लहान लहान घनांचे बनते. अशा घनाला व्हॉक्सेल म्हणतात आणि त्यात त्या जागेची घनता, तापमान किंवा रंग अशी मोजलेली राशी साठवलेली असते. तिन्ही दिशांनी तपशील दुप्पट केला की विदा आठपट होते, आणि या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ या आठपटीत आहे. प्रत्येक व्हॉक्सेलला दोन बाइट धरल्यास, बाजूला १,०२४ व्हॉक्सेल असलेल्या घनाला दोन गिगाबाइट पुरतात, तर ४,०९६ असलेल्याला १२८ लागतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्पातील पुरुषदेहाची विदा खुली केली. एकेक मिलिमीटर अंतरावरच्या १,८७१ छेदांची ती विदा सुमारे १५ गिगाबाइट भरली. पुढच्या वर्षीची स्त्रीदेहाची विदा, छेदांमधील अंतर एकतृतीयांशावर आल्याने, सुमारे ४० गिगाबाइटवर गेली, आणि तेव्हाच्या साध्या संगणकाची मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, तर मेगाबाइटांतच मोजली जात असे. लॉरेन्सन आणि क्लाइन यांची १९८७ ची ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही पृष्ठभाग काढण्याची पद्धत एका वेळी चारच छेद स्मृतीत ठेवून पुढे सरकू शकत होती; पण मार्क लेव्हॉय यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत डोळ्यापासून निघालेला किरण विदेतून कोणत्याही दिशेने जाऊ शकत असल्यामुळे, कोणता व्हॉक्सेल कधी लागेल याचा भरवसा नव्हता.

यातून वाट निघाली ती पडद्याच्या मर्यादेमुळे. १,९२० गुणिले १,०८० पिक्सेलांच्या पडद्यावर जेमतेम वीस लाख ठिपके मावतात. मागे विदा कितीही असली तरी एका क्षणी दिसू शकणारा तपशील तेवढाच राहतो. म्हणून विदेचे सारख्या आकाराचे ठोकळे पाडतात, प्रत्येक आठ व्हॉक्सेलांचा एक करीत तिच्या अधिकाधिक ढोबळ प्रती रचतात (या सर्व प्रतींचा मिळून भार मूळ विदेच्या फक्त एकसप्तमांश असतो), आणि जवळच्या भागासाठी सूक्ष्म तर दूरच्या भागासाठी ढोबळ ठोकळे स्मृतीत आणतात. किरणाला हवा असलेला ठोकळा स्मृतीत नसेल तर तूर्त ढोबळ प्रतीवर भागवून डिस्कवरून तो मागवला जातो, आणि बराच काळ न वापरलेल्या ठोकळ्याला जागा सोडावी लागते. ही युक्ती मूलतः आभासी स्मृतीचीच आहे, आणि ती मँचेस्टरच्या ‘अ‍ॅटलस’ संगणकात १९६२ मध्येच होती. मूळ फाइल मात्र छेदांच्या क्रमाने लिहिलेली असते, त्यामुळे उभा काप घ्यायचा तर प्रत्येक छेदाला हात लावावा लागतो. हे टाळण्यासाठी सारी विदा आधी ठोकळ्यांच्या क्रमाने लावून घ्यावी लागते. निबंधांत या कंटाळवाण्या पूर्वतयारीला दोन ओळी मिळतात आणि काम करणाऱ्याचा दिवस तिच्यातच जातो.

स्वागत समितीच्या मते खरी काळजीची बाब वेगळीच आहे. आठ व्हॉक्सेलांची सरासरी काढली की हाडातली केसासारखी बारीक भेग पुसट होते किंवा नाहीशी होते, आणि तरीही ढोबळ चित्र इतके गुळगुळीत दिसते की काही गळाले असल्याची शंकाही पाहणाऱ्याला येत नाही. प्रत्येक ठोकळ्याबरोबर त्यातील किमान व कमाल मूल्य नोंदवले, तर रिकामे ठोकळे वगळता येतात आणि संशयास्पद ठोकळे आधी मागवता येतात. परंतु चित्राचा कोणता भाग अजून अपुरा आहे हे पडद्यावर दाखवण्याला मात्र पर्याय नाही. चित्र किती सफाईने फिरते याचे कौतुक पुष्कळ होते, ते पूर्ण केव्हा झाले हे क्वचितच विचारले जाते.

म्हणून प्रात्यक्षिके सादर करणाऱ्यांनी विदेच्या आकाराबरोबरच संगणकाची रॅम, डिस्कचा प्रकार आणि पूर्ण तपशील येण्यास लागणारा वेळ आवर्जून सांगावा, एवढी विनंती करून परिषदेची सूत्रे अध्यक्षांच्या हाती सोपवण्यात येत आहेत.