पडद्यावरचे खेळ

कावेरीकाठचे कुंभकोणम् मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याबरोबर या मुलुखात स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. पल्लांगुळी हा १४ खळग्यांचा खेळ आम्ही लहानपणापासून चिंचोक्यांनी खेळत आलो. ज्याचा हात या खेळावर बसला आहे, तो व्हिडिओ गेमकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो.

१९८० साली जपानात निघालेला पॅकमॅन वरवर पोरकट वाटतो. पण त्यातील चारही भुतांचे स्वभाव वेगळे. तांबडे भूत सरळ पाठलाग करते, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवू पाहते. हे उमजले की भीती ओसरते आणि डावपेच सुरू होतात. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी रचलेल्या टेट्रिसमध्ये शत्रूच नाही. नीट न बसलेला एक तुकडा पुढच्या कित्येक तुकड्यांची वाट अडवतो. हार लांबवणे तेवढे आपल्या हाती. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी ती मुलगी पाहताना मला खेळापेक्षा कथेचीच ओढ अधिक लागली.

हे तिन्ही खेळ मला प्रिय आहेत. तथापि त्यांत हरले तर कळ दाबून डाव पुन्हा मांडता येतो. हरल्याचे कोणाला कळतही नाही. पल्लांगुळीत चिंचोके समोरच्याच्या ओंजळीत जातात आणि त्याच्या डोळ्यांदेखत, हसतमुखाने, हरावे लागते. ती रीत शिकवणारा सोबती पडद्यावर मला अद्याप भेटलेला नाही.