मारांडीचे फूल

इंदूर परिसरात पडलेल्या पावसाचे पाणी दोन वाटांनी समुद्राकडे जाते. शहरातील कान्ह क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला. दक्षिणेकडील चोरल मात्र नर्मदेची वाट धरते. तेव्हा खाडीकाठच्या एका फुलझाडाची ओळख माळव्यातील श्रोत्यांना अगदीच परकी वाटू नये. गंगेच्या मुखाशी सुंदरबनात आणि कोकणातील खाड्यांच्या काठी उगवणाऱ्या या झुडपास मराठीत मारांडी म्हणतात.

तिची पाने जाड, चकचकीत आणि कडांना काटेरी. या काट्यांमुळेच असेल, तिला बागेत कोणी थारा देत नाही. परंतु उन्हाळ्याच्या सुमारास तुऱ्यांवर निळीजांभळी फुले आली म्हणजे तोच चिखलाचा काठ पाहत राहावासा वाटतो. फुलाचा वरचा ओठ जवळजवळ नसतोच; खालचा एकच रुंद ओठ पुढे पसरलेला असतो.

खाऱ्या पाण्यात हे झुडूप जगते कसे? मुळांवाटे आत शिरलेले मीठ पानांवरील सूक्ष्म ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवशी त्याचे पांढरे कण पानांवर दिसतात. खारेपणा मारांडी सोसते, पण तिचे त्यावाचून अडत नाही. गोड्या पाण्यातही ती वाढते. इंदूरच्या एखाद्या हौशी माणसाने पाण्यात ठेवलेल्या कुंडीत तिचा प्रयोग करून पाहावयास हरकत नाही.

बोंड पिकले की तडकते आणि चपट्या बिया दूर उडतात. म्हणून ते फुटण्यापूर्वीच खुडावे व बिया ताज्याच पेराव्यात. पेरांसह कापलेल्या काड्याही चिखलात मूळ धरतात. रेताड पुळणीवर मात्र ही खटपट व्यर्थ होय. तेथे मर्यादवेलच शोभते. मारांडीला भरतीचे पाणी पोहोचणारा आणि ओढ्याचे गोडे पाणी मिसळणारा चिखलकाठ हवा.

नेमके असेच काठ भरावाखाली जातात, आणि वर शोभेची परदेशी झुडपे लावली जातात! महाराष्ट्राने २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. तिच्याच शेजारी वाढणाऱ्या मारांडीला रोपवाटिकेतही क्वचितच जागा मिळते. भराव पडून भरतीची वाट बुजली असेल, तर आधी ती मोकळी करावी; रोपे त्यानंतर, पावसाने चिखलातील खारेपणा उतरल्यावर, प्रवाहाच्या धारेपासून थोडी बाजूस लावावीत.