निसरडा रस्ता आणि सायकलची निवड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात काही गरजू विद्यार्थ्यांना सायकली देण्याचे आपल्या मंडळाने योजिले आहे. त्या कोणत्या प्रकारच्या असाव्यात, याविषयी चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यवाहांनी मला केली. विषय वरवर पाहता किरकोळ आहे. साहित्य-संगीताच्या या व्यासपीठावर ब्रेक आणि टायर यांची चर्चा करणे काहींना विजोडही वाटेल. परंतु जी वस्तू आपण एखाद्या मुलाच्या हाती देणार, तिच्यावर त्याचे हातपाय, आणि प्रसंगी प्राणही, अवलंबून राहणार आहेत. म्हणून हा विषय मी गंभीरपणे मांडू इच्छितो.

निसरड्या रस्त्याची गोष्ट निघाली की परदेशस्थ आप्तांना प्रथम बर्फ आठवते. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा फिनलंडमध्ये स्थायिक झालेली आपली मुले हिवाळ्यात सायकल चालवावी की नाही, असे पत्रांतून विचारत असतात. आपल्या तिरुवल्लिकेणीचा बर्फाशी संबंध आला तो एवढाच, की १८४२ च्या सुमारास फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून जहाजाने आणलेले बर्फ साठविण्यासाठी येथील समुद्रकिनारी एक वर्तुळाकार इमारत बांधली. तिलाच लोक आइस हाऊस म्हणू लागले. पुढे १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा तेथे मुक्काम झाला आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बर्फ गेले, परंतु पाणी मात्र या वस्तीच्या नावातच आहे. तिरु-अल्ली-केणी म्हणजे पवित्र कुमुदिनींचे तळे! ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाच्या चार सरी कोसळल्या की हे नाव किती यथार्थ आहे याचा प्रत्यय प्रत्येक गल्लीत येतो.

आपल्यापैकी जे महाराष्ट्रातून येथे आले, त्यांच्या मनातील पावसाळा मृग नक्षत्रापासून सुरू होतो. सायकलची डागडुजी मृगाआधी करावी ही पुण्या-सांगलीकडील रीत. येथे ती उपयोगी नाही. चेन्नईचा मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असून तो सामान्यतः ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. मधल्या कोरड्या दिवसांत रस्त्यावर धूळ, इंजिनांचे तेल आणि झिजलेल्या टायरांचे रबर साचलेले असते. पहिल्या सरीने त्याचा एक बुळबुळीत लेप तयार होतो. संततधार पाऊस तो धुऊन नेतो, पण पहिला अर्धा तास अधिक धोक्याचा असतो. त्यात भर म्हणून रस्त्यावरचे पांढरे रंगीत पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, देवळाभोवतीच्या गल्ल्यांतील शेण आणि पालापाचोळा, समुद्राकडून उडून आलेली वाळू, ही सारी ओली झाली की बर्फाची आठवण करून देतात. पूर्वी ट्रामचे रूळही या यादीत असत. ट्राम १९५३ मध्ये बंद झाली, आणि सायकलस्वारांचा निदान एक शत्रू कमी झाला.

मागील एका पावसाळ्यात आमच्या शेजारची एक शाळकरी मुलगी अशाच पावसात सायकलवरून घरी येत होती. समोर एक हातगाडी आडवी आली. मुलीने दोन्ही ब्रेक घट्ट दाबले, पण सायकल थांबली नाही. हाताचे हाड मोडले. हाड यथावकाश जुळले, परंतु वडिलांनी सायकलला कुलूप लावले ते लावलेच. बसच्या वेळा जुळेनात म्हणून संध्याकाळची शिकवणी सुटली, ग्रंथालयात जाणे थांबले. एके दिवशी तिने मला विचारले, "काका, चूक माझी होती की सायकलची?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी थोडे गणित करावे लागते. सायकल थांबते ती दोन ठिकाणच्या पकडीमुळे. एक पकड टायर आणि रस्ता यांच्यामधली, आणि दुसरी ब्रेकचे रबर आणि रिम यांच्यामधली. या दोहोंपैकी जी दुबळी असेल, तिच्यावर सारे अवलंबून असते. ढोबळमानाने कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ ते ०.८ असतो, ओल्या डांबरावर ०.५ च्या आसपास, आणि बर्फावर तो ०.१ किंवा त्याहूनही कमी. म्हणजे आपला ओला डांबरी रस्ता बर्फाइतका निसरडा मुळीच नाही. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल चांगल्या ब्रेकने ओल्या डांबरावर, गुणांक ०.४ धरला तरी, सुमारे सव्वादोन मीटरमध्ये थांबू शकते. बर्फावर तिला जवळजवळ नऊ मीटर लागतील. हातगाडी दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यातील चार मीटर दोन्हीकडे वेगळे धरावे.

मग ती मुलगी का थांबू शकली नाही? कारण तिच्या सायकलची रिम लोखंडी होती आणि तिच्यावर चकचकीत क्रोमचा मुलामा होता. कोरड्या हवेत असा ब्रेक बऱ्यापैकी चालतो. परंतु रिमवर पाण्याचा पातळ थर बसला की रबर त्यावरून नुसते सरकते. चाकाचे दोन-तीन फेरे झाल्यावर पाणी पुसले जाते, तेव्हा कोठे पकड येऊ लागते. आपल्या जुन्या २८ इंची चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. अर्थात नुसते पाणी पुसण्यातच पाच-सहा मीटर निघून जातात. ब्रेकचा जोर पाचव्या हिश्शावर आला असे धरले, तर उत्तम रस्त्यावरही सायकल बर्फावर असल्यासारखी घसरत जाईल. श्रोतेहो, चेन्नईत बर्फ रस्त्यावर पडत नाही, ते रिमवर पडते! मुलीला मी हेच सांगितले, की चूक तिची नव्हती, आणि सायकल चालविणे ही तर मुळीच चूक नव्हती.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो : सायकल घेताना प्रथम ब्रेक पाहावा. लोखंडी क्रोमच्या रिमपेक्षा ॲल्युमिनियमची रिम पावसात कितीतरी अधिक विश्वासू असते. तिच्या दोन्ही बाजूंना चिमट्याप्रमाणे धरणारा तारेचा ब्रेक आणि चांगल्या प्रतीचे रबर असले, की साध्या सायकलची गरज भागते. डिस्क ब्रेकची तबकडी चाकाच्या मध्याशी, पाण्या-चिखलापासून दूर असते, म्हणून तो ओल्यात चांगला लागतो. मात्र तो वेळोवेळी जुळवून घ्यावा लागतो. मागच्या चाकाच्या तुंब्यात बंदिस्त असलेला ब्रेकही उपयुक्त आहे, कारण त्याला पाऊस फारसा लागत नाही. याचे आणखी एक कारण आहे. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक अधिक काम करतो, परंतु निसरड्या जागी पुढचे चाक घसरले तर स्वार बहुधा पडतोच. मागचे घसरले तर सावरण्यास थोडा अवसर मिळतो. म्हणून मागचा ब्रेक कधीही नाममात्र असू नये.

दुसरी गोष्ट टायरची. खोल नक्षीचा टायर पाहून आपण फसतो. मोटारीच्या टायरला नक्षी लागते, कारण रुंद टायर वेगात पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. सायकलचा टायर अरुंद आणि जास्त दाबाचा. पन्नास पौंड हवेचा टायर पाण्यावर तरंगायला ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेग लागेल, आणि तो आपल्यापैकी कोणी गाठणार नाही! डांबरी रस्त्यावर पकड देते ते मऊ, ताजे रबर. म्हणून भडक खाचांचा कडक टायर टाळावा, आणि दीड ते दोन इंच रुंदीचा, साध्या नक्षीचा टायर घ्यावा. दुकानात वर्षानुवर्षे टांगून वाळलेला, कडेला भेगा पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पावसाळ्यात हवा टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आतच, किंचित कमी ठेवावी. त्यामुळे टायरचा अधिक भाग रस्त्याला टेकतो.

बर्फाळ देशांत टायरमध्ये कठीण धातूचे बारीक खिळे बसविलेले असतात. ते बर्फात रुततात म्हणून धरतात. तेथे राहणाऱ्या आपल्या मुलांनी ते अवश्य वापरावेत, निदान पुढच्या चाकाला तरी. डांबरावर मात्र ते रुतत नाहीत, म्हणून येथे त्यांचा उपयोग नाही. फिनलंडमधील औलू शहरात लोक भर हिवाळ्यातही सायकली चालवितात. त्याचे श्रेय केवळ टायरांना नसून सायकलींच्या वाटांवरील बर्फ नेमाने दूर करणाऱ्या नगरपालिकेलाही आहे. सायकल कितीही चांगली असली तरी रस्त्याची निगा ही समाजाचीच जबाबदारी राहते, हे आपणही विसरू नये.

तिसरी गोष्ट मापाची. "पुढे वाढेल" म्हणून मुलाला मोठ्या मापाचा सदरा शिवणे ठीक, सायकल घेणे ठीक नव्हे. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. चाक घसरले तर शेवटचा आधार पायांचाच असतो. मुली आणि वयस्क मंडळी यांच्यासाठी मधला दांडा खाली असलेली सायकल बरी. पूर्ण मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर आणि ओढणी-साडी चाकात जाऊ न देणारी जाळी आवश्यक समजावी. पायडलवर रबर किंवा खरबरीत कडा असावी. टायरला घासून चालणारा डायनामो ओल्यात घसरतो आणि नेमका अंधारात दिवा मंदावतो. त्यापेक्षा विजेरीवर चालणारे पुढचे-मागचे दिवे बरे. समुद्राची खारी हवा लोखंड खाते, म्हणून ब्रेकच्या तारा गंजू न देणाऱ्या असाव्यात.

आता खर्चाचा प्रश्न. कार्यकारी मंडळात असा मतभेद झाल्याचे मी ऐकले, की ठरलेल्या रकमेत साध्या पाच सायकली येतात आणि चांगल्या ब्रेकच्या चारच. पाचव्या मुलाला काय सांगायचे, हा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. सांगली-खानापूरकडून सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी दूरदेशी आलेल्या कुटुंबांतील असो, वा शेजारच्या तमिळ कुटुंबातील असो, त्या मुलासाठी सायकल म्हणजे शाळा आणि घर यांतील अंतर कमी करणारे साधन आहे. पण असुरक्षित सायकल देऊन आपण त्याला न्याय देतो असे होत नाही. माझ्या मते पाचही सायकली घेता येतील, मात्र पैसा कोठे खर्च करावयाचा याचा विवेक हवा. दुकानात डोळ्यांत भरतात ते पुढचे स्प्रिंगचे दांडे, पुष्कळशा गिअरची चक्रे आणि झगझगीत रंग. चेन्नईची भूमी सपाट आहे. येथे शाळेला जाणाऱ्या मुलाला गिअर क्वचितच लागतात, आणि स्वस्त स्प्रिंगा केवळ वजन वाढवितात. हे सारे वगळावे. त्यातून वाचलेला पैसा ॲल्युमिनियमची रिम, ब्रेक, टायर आणि दिवे यांवर घालावा. आपल्या याच शहरात, अंबत्तूरला, टी. आय. सायकल्सचा उद्योग १९४९ पासून उभा राहिला. सायकल जाणणारे कारागीर येथे दुर्मीळ नाहीत. घरोघरी पडून असलेल्या जुन्या सायकलींनाही त्यांच्याकडून नवी रिम व ब्रेक बसवून घेता येतील.

शेवटी एक मर्यादा स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. चांगली सायकल निसरड्या रस्त्यावर साहाय्य करते, अदृश्य रस्त्यावर नव्हे. २०१५ च्या नोव्हेंबरात या शहरात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि १ डिसेंबरच्या अतिवृष्टीनंतर महापुराने जो हाहाकार उडविला, तो आपण पाहिला आहे. २०२३ च्या डिसेंबरातील मिचाँग वादळही ताजे आहे. साचलेल्या पाण्याखाली उघडे गटार आहे की खड्डा, हे कोणताही ब्रेक सांगू शकत नाही. तळ दिसत नसेल तेथे सायकल नेऊच नये, मागे फिरावे. जेथे रस्ता दिसतो तेथे वेग कमी ठेवावा. बर्फासारख्या पकडीवर ताशी १५ किलोमीटरला नऊ मीटर लागतात, ताशी २० ला पावणेसोळा! पाच मीटर अर्धव्यासाच्या वळणावर ताशी १५ वेगाने ०.३५ गुणांकाची पकड लागते, ताशी १० ने त्याच्या निम्म्याहूनही कमी. लोखंडी झाकणावरून सरळ जावे, त्यावर वळू नये, ब्रेक दाबू नये. एका हातात छत्री धरून तर कधीच जाऊ नये. आणि पावसात मधूनमधून ब्रेक हलकेच लावून रिम पुसत राहावे.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते. येथे त्याच दिवशी आयुधपूजा असते आणि सायकलीलाही चंदन-कुंकू लागते. तो दिवस पावसाच्या तोंडावरच येतो, हा सुयोग मानावा. गंध लावण्यापूर्वी ब्रेकचे रबर, तारा, टायर आणि दिवे तपासावेत, अशी प्रथा आपल्या मंडळाने पाडावी. नंतर फूल वाहावे.

भीतीपोटी मुलांच्या सायकलींना कुलपे लावणे सोपे आहे. त्या सुरक्षित करून त्यांच्या हाती देणे हे थोडे कष्टाचे, पण मंडळाच्या पन्नास वर्षांच्या परंपरेला शोभणारे काम आहे. ते आपण कराल असा विश्वास व्यक्त करतो.