गळका जॉइंट आणि आपला पाना

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. त्या दिवशी ज्यांना यायला जमलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)

मागच्या मावशी, जरा पुढे सरका, आज बोलायचं कमी आणि दाखवायचं जास्त आहे. बचत, हप्ता, बँकेचं काही काढणार नाही, घाबरू नका. आज माझ्या पिशवीत काळ्या पाईपाचे तुकडे आहेत, एक करवतीचं पान आहे, आणि हा जॉइंट. याला दुकानात कॉम्प्रेशन फिटिंग म्हणतात. आपण नुसतं चाकीचा जॉइंट म्हणू.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, तेव्हापासून गावोगाव घरापर्यंत हा काळा पाईप आला. बहुतेक घरांत तो २० मिलीमीटरचा. रस्त्यातल्या मोठ्या लाइनपासून तुमच्या दारातल्या तोटीपर्यंत मध्ये दोन-तीन तरी असे चाकीचे जॉइंट असतात. कुठे एल्बो, कुठे कपलर, शेवटी तोटीला आट्यांचा अडॅप्टर. गळतं ते पाईपात क्वचित, गळतं ते या जॉइंटात. आणि गळलं की आपण काय करतो? सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळतो, वरून सुतळी, त्यावर एखादी पिशवी. मी मोजलं नाही, पण माझ्या फिरतीच्या गावांत अशी ट्यूब गुंडाळलेली नसेल अशी गल्ली मला आठवत नाही.

आता म्हणाल, थेंब थेंब गळतं त्याचं एवढं काय? तर ऐका.

पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. एका वाडीत शेवटच्या सात-आठ घरांत पोरांना जुलाब सुरू झाले. गावातल्या ज्या पाच बायांना पाणी तपासायचं किट दिलेलं आहे, त्यातली एक आपल्याच गटाची. तिने टाकीजवळच्या तोटीचं पाणी एका बाटलीत भरलं आणि वाडीतल्या शेवटच्या तोटीचं दुसऱ्या बाटलीत. दोन्ही बाटल्या घरात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी टाकीची बाटली होती तशी, आणि वाडीची काळीकुट्ट. म्हणजे टाकीतून पाणी चांगलं निघालं, वाटेत घाण झालं. आम्ही दोघी लाइनच्या कडेकडेने चालत गेलो. एका घरापुढे गटार, गटारातूनच पाईप गेलेला, आणि बरोबर गटारात बुडालेला एल्बो. त्यावर ट्यूब. घरातल्या काकू म्हणाल्या, "अगं, पाणी आलं की थोडं उडतं, बंद झालं की थांबतं. काय त्रास नाही."

त्रास तिथेच आहे. पाणी चालू असतं तेव्हा पाईपात दाब असतो, म्हणून पाणी फटीतून बाहेर येतं. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, तास-दोन तास असतं. वॉल्व्ह बंद झाला की लाइनमधलं पाणी उताराकडे निघून जातं आणि मागे पाईप ओढ धरतो. नारळाला नळी लावून ओढलं की कसं वर येतं, तसं. मग ज्या फटीतून पाणी बाहेर उडत होतं, त्याच फटीतून गटारातलं आत येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गळायचं थांबलं. आत जाताना ते दिसत नाही ना. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा भरतो त्याच्याच घरी ते पाणी जातं.

आणि एक नाजूक गोष्ट बोलते, रागावू नका. तोटीला थेट मोटर लावून पाणी ओढणं. मला माहीत आहे कोणाकोणाकडे आहे, नावं घेत नाही. पाणी कमी येतं म्हणून लावतात हेही माहीत आहे. पण एका घरात मोटर सुरू झाली की शेजारच्या चार घरांच्या पाईपात ओढ लागते. त्यांचा जॉइंट गटारात गळका असेल तर मोटरवाल्या घरी पाणी भरपूर येतं, पण कसलं, ते वर सांगितलंच. त्या वाडीत मोटरी होत्या. जॉइंट बदलला, लाइन धुऊन काढली, मग परत बाटली भरली. ती काळी पडली नाही. मोटरी मात्र अजून पूर्ण निघाल्या नाहीत, तो विषय ग्रामसभेत चालू आहे.

थेंबांचंही गणित करू. एका गळक्या जॉइंटखाली पाव लिटरचा पेला धरा. समजा पाच मिनिटांत भरला. म्हणजे तासाला तीन लिटर, दोन तास पाणी आलं तर सहा. तीस घरांत असे तीस जॉइंट, १८० लिटर रोज मातीत. माणशी ५५ लिटर द्यायचं असं योजनेचं माप आहे. म्हणजे तीन माणसांचं पाणी रोज गेलं, आणि आपण म्हणतो शेवटच्या घराला पाणी पोचत नाही.

मग प्लंबर बोलवा. तालुक्याहून येतो, एका जॉइंटसाठी यायला त्याला परवडत नाही, आज येतो म्हणतो आणि चौथ्या दिवशी येतो. त्याची चूक नाही. पण हे काम आपल्याला येण्यासारखं आहे, म्हणून मी आज उभी आहे. मला कॉलेजात समाजकार्य शिकवलं, पाईप कोणी शिकवला नाही. माझ्या भाड्याच्या खोलीचा जॉइंट गळायला लागला तेव्हा मी दुकानातून पांढऱ्या पाईपाचं सोल्युशन आणलं आणि भरपूर लावलं. रात्रभर वाळू दिलं. सकाळी पाणी आलं तसा पाईप सुटून माझ्या अंगावर. शेजारच्या काकू हसून हसून बेजार. त्यांच्या शेतात ठिबक आहे, त्यांना ठाऊक. म्हणाल्या, "पोरी, काळ्या पाईपाला सोल्युशन धरत नसतं. तो मेणासारखा असतो." खरंच आहे ते. पांढरा पीव्हीसी सोल्युशनने चिकटतो, काळा चिकटत नाही. त्याला एकतर गरम करून डकवायचं मशीन लागतं, नाहीतर ही चाकी.

आता हे उघडून बघा, हातोहात फिरवा. ही अंगाची मुख्य बॉडी. तिच्या तोंडात हे काळं रबरी कडं, पाणी अडवायचं काम फक्त याचं. हे पांढरं फाटकं कडं, एका बाजूला चीर आहे बघा, आत बारीक दात आहेत. ते पाईपाला पकडतं, म्हणजे दाबाने पाईप बाहेर सरकत नाही. काही जॉइंटांत मध्ये रबर दाबून धरायला एक छोटा बुश असतो. आणि वरून ही चाकी, ती आवळली की पांढरं कडं मिटतं. बस, इतकंच. म्हणजे पाणी रबर अडवतं आणि पाईप कडं धरतं. चाकी या दोघांना जागेवर ठेवते. हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. चाकीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात ना पुष्कळ जण, त्याचा काही उपयोग नाही, कारण पाणी तिथे अडतच नाही.

दुकानात जाताना पाईपाचा वीतभर तुकडा बरोबर न्या. नुसतं "अर्धी इंची द्या" म्हणू नका, तिथेच घोळ होतो. लोखंडी पाईप आणि तोटी इंचात बोलतात, काळा पाईप मिलीमीटरमध्ये, तोही बाहेरून मोजून. पाईपावर छापलेलं असतं, २० की २५ की ३२, आणि पीएन पुढे एक आकडा, तो दाबाचा. जॉइंटावरही छाप असतो. दोन्हीकडचं मिलीमीटर जुळलं पाहिजे, आणि जॉइंटाचा पीएन पाईपाच्या पीएनपेक्षा कमी नको. तोटीकडचा जॉइंट असेल तर त्यावर दोन मापं असतात, एक पाईपाचं, एक आट्यांचं, म्हणजे २० आणि अर्धा इंच. ठिबकची सोळाची नळी वेगळी, तिचे जोड वेगळे, ते इथे आणू नका. दुकानातच चाकी उघडून रबर आणि पांढरं कडं जागेवर आहे का बघा. रबर बोटाने दाबलं की दबावं आणि परत यावं. वास घेऊन बघा, भंगाराच्या प्लास्टिकला उग्र वास येतो. आतून आटे असलेला घेत असाल तर तोंडावर स्टीलची पट्टी किंवा आत पितळ असलेला घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी तोटी जोरात फिरवली की तोंड फाटतं. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

बसवायचं कसं ते आता करून दाखवते. काम करायच्या आधी पाणी सोडणाऱ्या दादांना सांगा, नाहीतर पाणी येऊन गेल्यावरच करा. पाईप विळ्याने कापायचा नाही, तो तिरका कापला जातो. करवतीच्या पानाने सरळ कापा. कापल्यावर बाहेरची धार चाकूने किंवा काचेच्या तुकड्याने गोल घासून काढा, शाईच्या पेनाचं टोक असतं तशी नाही, बांगडीची कड असते तशी. ही धार राहिली तर आत जाताना रबर कापते, आणि कापलेलं रबर बाहेरून दिसत नाही. सगळ्यात जास्त जॉइंट इथेच फसतात, म्हणून मी एवढं बोलतेय. टोकावर ओरखडे, माती नको. ओल्या फडक्याने पुसा.

मग पाईप जॉइंटाला बाहेरून लावून तो आत कुठपर्यंत जायला हवा ते बघा आणि तिथे टिकलीच्या गोंदाने नाही, पेनाने खूण करा. चाकी पूर्ण काढायची गरज नाही, तीन-चार आटे सैल करा. टोकाला साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस, व्हॅसलीन काही नाही, त्याने रबर खराब होतं आणि हे प्यायचं पाणी आहे. आता पाईप फिरवत फिरवत आत ढकला. आधी एकदा अडेल, ते रबर. पुष्कळ जण तिथेच थांबतात आणि चाकी आवळतात. थांबू नका, जोर लावा, तो रबरातून पुढे सरकून खुणेपर्यंत गेला पाहिजे. मग चाकी हाताने जितकी आवळेल तितकी आवळा, आणि पान्याने वरून थोडी. सुटे भाग बाहेर आले असतील तर क्रम लक्षात ठेवा. पाईपावर आधी चाकी, मग पांढरं कडं, त्याची रुंद बाजू जॉइंटाच्या अंगाकडे. उलटं घातलं तर ते धरत नाही.

थोडी म्हणजे थोडी. मी दुसऱ्यांदा शहाणी झाले ती इथे. सोल्युशनचा धडा घेऊन नवीन जॉइंट आणला आणि मोठ्या पान्याने असा आवळला की चाकीला तडा. प्लास्टिक आहे ते, बैलगाडीचा आस नाही. तोटीकडच्या आट्यांवर मात्र टेफ्लॉन टेप हवी, आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने आठ-दहा वेढे.

झाल्यावर लगेच माती लोटू नका. एक पाळी पाणी येऊ द्या, कोरड्या फडक्याने पुसून बघा ओल येते का. येत असेल तर चाकी सैल करून पाईप आणखी आत गेलाय का पाहा, नुसतं आवळत बसू नका. पाईप ताणून बसवू नका, उन्हात तो लांबतो आणि रात्री आखडतो, ताण असला की सरकतो. थोडा सापासारखा नागमोडी राहू द्या. आणि जमलं तर जॉइंट गटारात नकोच, कडेला घ्या. गटार ओलांडायचंच असेल तर अखंड तुकडा घाला, जोड दोन्ही बाजूंना कोरड्यात.

रस्त्यातल्या मोठ्या लाइनवर जे खोगीर बसवलेलं असतं, जिथून तुमचा पाईप निघतो, त्याला हात लावायचा नाही. ते ग्रामपंचायतीचं काम. तिथे गळत असेल तर लेखी द्या, पोच घ्या. दारातलं आपलं, रस्त्यातलं त्यांचं.

मागच्या बैठकीत एका माईंनी विचारलं होतं, "बायकांनी पाना धरलेला घरच्यांना चालेल का?" त्यांच्या घरचं मला माहीत नाही. माझ्या शेजारच्या काकूंच्या घरी आता मालक स्वतः हाक मारतात, "अगं, तो तुझा पाना आण."

ग्रामसंघाच्या पेटीत एक पाना, एक करवत, टेप आणि २० मिलीमीटरचे चार कपलर ठेवले आहेत. सचिव ताईंकडे सही करून घेऊन जा, कपलर वापरला तर तेवढे पैसे भरा. पुढच्या सभेला येताना घरातला जुना, गळका, काढून टाकलेला जॉइंट फेकू नका, घेऊन या. तो उघडून बघू, रबर कापलंय की कडं उलटं आहे.