गाळलेलें पाणी राहतें कोठें?

भंडाऱ्याच्या बाजारांत पातेलें घेणारी जुनी गृहिणी तें आधीं बोटानें वाजवून पाही, मग आंतून हात फिरवी, आणि कल्हईविषयीं खात्री झाल्याशिवाय पैसे मोजीत नसे. पितळी भांड्यांसाठीं हें शहर नांवाजलेलें. भांड्याचा धातु अन्नांत उतरतो, हें तेथें कोणास पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. बिनकल्हईच्या भांड्यांत ताक कळकतें, हें पोरासोरांनाहि ठाऊक होतें. आज त्याच घरांत भिंतीवर पाणी शुद्ध करणारें यंत्र असतें. गाळण्या किती, याची चौकशी होते. परंतु गाळलेलें पाणी ज्या टाकींत रात्रभर पडून राहतें ती कशाची, हा प्रश्न क्वचितच निघतो.

यंत्र आणण्यास कारण आहेच. नागपूरचें सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानला व तेथून वैनगंगेला मिळतें. गोसेखुर्द धरणाचा फुगवटा भंडाऱ्याकडे पसरल्यापासून नदीच्या पाण्यावर लोकांचा पूर्वीचा विश्वास राहिला नाहीं. म्हणून पुष्कळ घरीं आर. ओ. पद्धतीचें यंत्र आलें. या पद्धतीनें पाण्यांतील क्षारहि बहुतेक निघून जातात. कठीण पाण्यानें भांड्यास आंतून क्षारांचा पातळ थर बसतो व तो धातूला आडोसा होतो. क्षार गेलेल्या पाण्यास हा आडोसा मिळत नाहीं. तें धातूस अधिक खातें. पाणी जितकें निवळ, तितकें भांडें अधिक पारखून घ्यावें लागतें, हें प्रथमदर्शनीं उफराटें वाटेल, पण खरें आहे.

खरी भीति शिशाची. पितळ म्हणजे तांबें व जस्त. परंतु कांतण्यास सोपें जावें म्हणून तोट्यांच्या पितळेंत थोडें शिसेंहि घालतात. कल्हईच्या कथलांत स्वस्ताईसाठीं शिसें मिसळण्याची लबाडीहि जुनीच. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसें नसावें, असें भारतीय मानक सांगतें. आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीला निर्धास्त ठरेल असें त्याचें कोणतेंच प्रमाण ज्ञात नाहीं. तांब्याची गोष्ट निराळी. तांब्याच्या भांड्यांत १६ तास ठेवलेल्या पाण्यांतील पटकीचे व अतिसाराचे जंतु नाहींसे झाले आणि पाण्यांत उतरलेलें तांबें मर्यादेंतच राहिलें, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनांत आढळलें. मात्र त्याच भांड्यांत लिंबाचें सरबत ठेवणें हें शहाणपण नव्हे.

प्लास्टिकच्या टाकीवर ‘बीपीए-विरहित’ अशी चिठ्ठी असते. तिचा अर्थ इतकाच कीं एक द्रव्य त्यांत नाहीं. बाकीच्यांविषयीं ती मुकी आहे. बिस्फेनॉल-ए हें मुख्यतः पॉलिकार्बोनेट या कांचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकांत असतें, आणि अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्याचा वापर बंद करण्याचा नियम युरोपीय संघानें २०२४ च्या डिसेंबरांत केला. टाकीच्या तळाशीं त्रिकोणांत २ किंवा ५ हा आंकडा आणि पेला व कांटा यांचें चित्र असल्यास ती त्या मानानें बरी. तीहि विदर्भांतील वैशाखाच्या उन्हांत खिडकीशीं टांगूं नये. उष्णतेनें प्लास्टिकांतील द्रव्यें पाण्यांत अधिक उतरतात.

सर्वांत निर्वेध म्हणजे बिनरंगी मातीचा माठ, किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस पोलादाची टाकी. तेथेंहि एक चोरवाट उरते. टाकी पोलादाची, आणि तिला बसविलेली तोटी वरून चकचकीत मुलामा दिलेल्या पितळेची! रात्रभर त्या तोटींत अडकलेलें घोटभर पाणी सकाळीं प्रथम पोराच्याच पेल्यांत पडतें. तें झाडांना घालावें, आणि तोटी बदलतांना पोलादाचीच मागावी.

नव्या टाकीला येणारा वास दोनचार वेळां धुऊन, भरून ओतून टाकल्यावरहि गेला नाहीं, तर ती दुकानदारास परत करावी. शिशाला मात्र वास नाहीं, रंग नाहीं, चव नाहीं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत पाणी तपासण्यास देतांना जंतु व क्षार यांबरोबर शिशाची तपासणी मुद्दाम मागावी लागते. आणि बाटली भरावयाची ती सकाळच्या त्याच पहिल्या पाण्यानें.